खडूच्या रेघेने कोंबडी खरंच संमोहित होते का?

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या एका विद्यार्थ्याने मोबाइलवर पाहून घरच्या गावरान कोंबडीचं डोकं जमिनीला टेकवलं, चोचीपासून पुढे खडूने रेघ ओढली आणि हात काढून घेतला. कोंबडी तशीच पडून राहिली. पोरं घाबरली, मेली की काय म्हणून. मग ती एकदम उठून पळाली. आता वर्गाला हाच प्रयोग विज्ञान प्रदर्शनात मांडायचा आहे. कोंबडी खरंच संमोहित होते का? त्या रेघेचा काय संबंध? तिला इजा होते का? आणि त्या दिवसापासून तिने दोन दिवस अंडं दिलेलं नाही, त्याचा याच्याशी संबंध असेल का?

उत्तर: सर, आधी सरळ उत्तर देते. कोंबडी संमोहित होत नाही. ती घाबरते, आणि इतकी घाबरते की सुटकेचा शेवटचा उपाय म्हणून तिचं शरीर हालचालच बंद करतं. रेघेची गरज नसते. धडधाकट कोंबडीला एकदा असं केल्याने सहसा कायमची इजा होत नाही, पण तेवढा वेळ ती शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्याच्या अवस्थेत असते. म्हणून प्रदर्शनात जिवंत कोंबडीवर हे करू नका. विषय मात्र सोडू नका. मी कुक्कुटपालनात पशुवैद्यक म्हणून काम करते आणि कोंबडीची भीती समजून घ्यायला या विषयाने मला जितकं शिकवलं तितकं फार थोड्या गोष्टींनी शिकवलं आहे.

हा खेळ मोबाइलच्या काळातला नाही. जर्मनीत डानिएल श्वेंटर नावाच्या गणितज्ञाच्या करमणुकीच्या प्रयोगांच्या पुस्तकात, म्हणजे १६३६ साली, तो छापून आलेला आहे. पण त्याला खरी प्रसिद्धी दिली ती रोममध्ये राहणाऱ्या आथानासिउस किर्चर या जेझुइट (ख्रिस्ती धर्मगुरूंच्या एका संघातल्या) विद्वानाने, १६४६ साली. त्याची रीत अशी: कोंबडीचे पाय दोरीने बांधायचे, तिला फरशीवर ठेवायचं, ती धडपडून धडपडून शांत झाली की डोळ्यापासून पुढे खडूची रेघ ओढायची, आणि मग दोरी सोडायची. दोरी सोडूनही कोंबडी उठत नाही. किर्चरचा अर्थ असा की कोंबडीला ती पांढरी रेघ म्हणजे दोरीच वाटते, आपण अजून बांधलेलेच आहोत अशी तिची कल्पना होते. या प्रयोगाला त्याने नावही ‘कोंबडीच्या कल्पनाशक्तीचा अद्भुत प्रयोग’ असंच दिलं.

किती सुंदर स्पष्टीकरण आहे पाहा! आणि चुकीचं आहे. ते चूक आहे हे दाखवायला जो साधा प्रश्न विचारावा लागतो, तो नीट तपासला जाईपर्यंत सव्वादोनशे वर्षं गेली: रेघ ओढलीच नाही तर काय होतं?

१८७२ च्या सुमारास लाइपझिगमध्ये योहान चेर्माक या शरीरशास्त्रज्ञाने हे करून पाहिलं. स्वरयंत्र पाहण्याच्या आरशाचा वापर वैद्यकात रुजवणारा तोच चेर्माक. त्याने आधी दोरी काढून टाकली, नुसत्या हाताने कोंबडी धरली आणि रेघ ओढली. कोंबडी पडून राहिली. मग रेघही गाळली, डोकं आणि मान अलगद जमिनीवर दाबून धरली आणि सोडली. कोंबडी तरीही पडून राहिली. तुमच्या वर्गाला शिकवण्यासारखी खरी गोष्ट इथे आहे, सर. प्रयोगात चार गोष्टी एकदम घडत असतील तर एकेक काढून पाहिल्याशिवाय कारण कोणतं ते कळत नाही. विद्यार्थ्यांनी रेघ पाहिली, कारण ती पांढरी होती आणि शेवटी ओढली होती. कोंबडीला जे जाणवलं ते मात्र आधीच घडून गेलं होतं: तिला कुणीतरी पकडून दाबून धरलं होतं.

लोक हा प्रकार अनेक तऱ्हांनी करतात. कुणी रेघ ओढतं, कुणी उताणी करून छातीच्या हाडावरून बोट फिरवतं, कुणी तिचं डोकं पंखाखाली खुपसून तिला हलके झोके देतं. फ्रान्समधला कीटकांचा थोर निरीक्षक झाँ-आँरी फाब्र याने शाळकरी वयात मित्रांबरोबर रोदेझ गावाजवळ टर्की पक्ष्यांचे कळपच्या कळप असे डोकं पंखाखाली घालून निजवल्याची आठवण लिहून ठेवली आहे. या सगळ्या रीतींत समान असं एकच आहे. पक्षी आधी धडपडतो, सुटत नाही, आणि साधारण १० ते १५ सेकंद तसाच धरला जातो. बाकीचा सगळा देखावा. उद्या कुणी मंत्र पुटपुटत कोंबडी निजवून दाखवली तरी तिथेही काम करतो तो हात, मंत्र नव्हे. हे मुलांना जरूर सांगा.

मग संमोहनाचं नाव याला चिकटलं कुठून? १८४३ मध्ये जेम्स ब्रेड या मँचेस्टरच्या शल्यवैद्याने माणसांवरच्या संमोहनाला शास्त्रीय भाषेत मांडलं. त्याची पद्धत म्हणजे एका चकाकत्या वस्तूवर नजर खिळवायला लावणं. पुढच्या पिढीने कोंबडीच्या चोचीपुढची रेघ पाहिली आणि त्यांना तेच दिसलं. चेर्माकलाही नजर खिळण्याचा यात वाटा असावा असं वाटत राहिलं. पण १८७८ मध्ये जर्मनीतल्या येना इथल्या विल्हेल्म प्रायर या शरीरशास्त्रज्ञाने स्पष्ट लिहिलं की ही धास्तीने आलेली अवस्था आहे. माणसाच्या संमोहनात ऐकणारा सहकार्य करतो, सूचना समजून घेतो. कोंबडीच्या बाबतीत सूचना नाही आणि सहकार्य तर नाहीच.

आज शास्त्रात या अवस्थेला ‘टॉनिक इमोबिलिटी’ म्हणतात. मी इथे निपचित अवस्था म्हणते. ती जवळून पाहिली तर शांत झोपेसारखी अजिबात नसते. स्नायू ताठरतात, पाय किंवा मान एखाद्या स्थितीत ठेवली तर ती तशीच राहते. अधूनमधून पायांना कंप सुटतो. डोळे मिटतात, पुन्हा उघडतात. श्वासाची आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बदलते. वेदनेला प्रतिसाद कमी होतो. आणि या सगळ्या वेळात कोंबडी जागी असते. या अवस्थेत असताना दिलेल्या संकेतांमधून पक्षी शिकतात हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे भोवताली काय चाललंय ते तिच्या मेंदूत नोंदलं जात असतं. मग एका क्षणी, कसलीही पूर्वसूचना न देता, ती उठते आणि सरळ पळत सुटते. तुमच्या विद्यार्थ्याने पाहिलं ते हेच.

भीतीचा पुरावा काय, असं कुणी विचारेल. १९७० च्या दशकात अमेरिकेत गॉर्डन गॅलप या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर फार नेटका अभ्यास केला. त्यांचा तर्क असा होता: ही अवस्था भीतीतून येत असेल तर भीती वाढवणाऱ्या प्रत्येक गोष्टीने ती लांबली पाहिजे आणि भीती कमी करणाऱ्या गोष्टीने आखडली पाहिजे. तसंच झालं. आधी विजेचा सौम्य धक्का दिलेल्या किंवा मोठा आवाज ऐकवलेल्या कोंबड्या जास्त वेळ पडून राहिल्या. शांत करणारं औषध दिलेल्या लवकर उठल्या. माणसाच्या हाताळणीची सवय असलेल्याही लवकर उठल्या.

सर्वांत बोलका प्रयोग ससाण्याचा. पेंढा भरलेला ससाणा समोर ठेवला की कोंबड्या जास्त वेळ निपचित राहत. त्याच ससाण्याचे डोळे झाकले की परिणाम कमी होई. पुढे त्यांनी ससाणा काढूनच टाकला आणि काडीवर बसवलेले नुसते काचेचे डोळे ठेवले, तरी कोंबड्यांचा पडून राहण्याचा वेळ वाढला. आपल्यावर रोखलेले दोन डोळे, एवढंच पुरतं. तुमच्याकडची मुलं गोल करून, वाकून, टक लावून त्या कोंबडीकडे पाहत होती ना? तिच्या बाजूने ते दृश्य कसं होतं याचा अंदाज त्यांना यावरून येईल.

पण शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर न हलण्याचा फायदा काय? हा प्रश्न मुलं हमखास विचारतील. बऱ्याच शिकारी प्राण्यांचा चावा आणि पकड भक्ष्याच्या हालचालीवर चालते. फडफड चालू असेल तोवर ते आवळत राहतात, फडफड थांबली की पकड सैल होते, कधी ते भक्ष्य खाली ठेवून पुन्हा पकडतात, कधी दुसऱ्याकडे वळतात. अमेरिकेत रानबदकं आणि लाल कोल्हे यांच्यावर झालेला एक अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोल्ह्याने धरताच बहुतेक बदकं निपचित झाली, आणि अनेक बदकं त्या पहिल्या पकडीतून जिवंत राहिली. कोल्हे पुष्कळदा भक्ष्य लगेच खात नाहीत, पुरून ठेवायला नेतात. तेवढ्या वेळात काही बदकांना निसटायला संधी मिळाली. अनुभवी कोल्हे मात्र फसत नाहीत, लगेच मारतात. उपाय हमखास नाही, पण बाकीचे सगळे उपाय संपल्यावरचा आहे.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आभाळात घार दिसली की कोंबडी विशिष्ट आवाज काढते आणि पिल्लं जागच्या जागी दबून बसतात. ते वेगळं, कारण शिकारी अजून लांब आहे. तो जवळ आला की पळायचं. पकडलं की चोच, नख्या, पंख मारायचे. तेही जमलं नाही की निपचित. आणि हे जन्मल्या जन्मल्या येत नाही. अगदी लहान पिल्लात ही प्रतिक्रिया नीट दिसत नाही, आठवडा-दहा दिवसांची झाली की दिसू लागते. शार्क उलटा केला की तो निश्चल होतो, सशाला उताणं धरलं की तो ‘झोपतो’, त्यामागे याच घराण्यातली प्रतिक्रिया आहे. पाळीव सशांचे असे व्हिडिओ लोक कौतुकाने टाकतात. सशांवर अभ्यास झाला तेव्हा त्यांच्यात भीतीचीच लक्षणं सापडली, म्हणून सशांचे डॉक्टर हे करू नका म्हणून सांगतात.

एक गोष्ट शिक्षक म्हणून तुम्हाला माहीत असावी, वर्गात काढायची की नाही ते तुम्ही ठरवा. माणसातही हे घडतं. स्टॉकहोममधल्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन केंद्रात बलात्कारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांच्या अभ्यासात, जो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे ७० टक्के स्त्रियांनी त्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात गोठल्याचं सांगितलं. ‘ओरडली का नाहीस, झटापट का केली नाहीस’ हा प्रश्न किती अडाणी आणि क्रूर आहे, हे या एका आकड्यावरून कळतं.

आता माझ्या कामाकडे येते. ही प्रतिक्रिया भीतीच्या प्रमाणात लांबते, म्हणून तिच्यावरून भीती मोजता येते. स्कॉटलंडमधले ब्रायन जोन्स आणि फ्रान्समधले झाँ-मिशेल फोर यांनी १९८१ मध्ये एक पद्धत मांडली, ती आजही जगभर वापरतात. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा, कापड अंथरलेला एक छोटा पाळणा असतो. कोंबडी त्यात उताणी ठेवायची, एक हात छातीवर, दुसऱ्या हाताने डोकं अलगद झाकायचं, १०-१५ सेकंद धरून सोडायचं. मग थोडं मागे सरून, तिच्या डोळ्यांत न पाहता, घड्याळ लावायचं. १० सेकंदांच्या आत उठली तर पुन्हा धरायचं, असं जास्तीत जास्त ५ वेळा. १० मिनिटांपर्यंत उठली नाही तर आपणच तिला उठवायचं आणि तेवढा वेळ मांडायचा. कुणी पाऊण मिनिटात उठते, कुणी पूर्ण दहा मिनिटं पडून राहते. फ्रान्समध्ये याच मोजमापावर जपानी लावा पक्ष्यांची निवड करत करत दोन वेगळ्या जाती-ओळी तयार केल्या, एक बराच वेळ पडून राहणारी, एक झटकन उठणारी. म्हणजे भित्रेपणाचा काही भाग आनुवंशिक असतो.

जास्त वेळ पडून राहणारी कोंबडी ‘शांत’ असते, हा समज शेडवर काम करणाऱ्या अनुभवी माणसांतही असतो आणि तो मोडायला मला सर्वांत जास्त बोलावं लागतं. शेडमधल्या सगळ्याच कोंबड्या जास्त वेळ निपचित राहत असतील तर तिथे काहीतरी बिघडलेलं असतं. पकडताना एका पायाने ओढणं, दारातून अचानक आत शिरणं, रात्री एकदम प्रखर दिवा लावणं, शेडभोवती फिरणारी कुत्री, काहीही असू शकतं. अशा कळपात एखाद्या आवाजाने सगळ्या एका कोपऱ्यात धावतात आणि खालच्या गुदमरून मरतात. तपकिरी अंड्यांच्या जातींत मोठ्या धास्तीनंतर अंडी फिकट, पांढरी भुकटी लागल्यासारखी येतात, कारण तयार झालेलं अंडं आतच अडवून धरलं जातं आणि त्यावर चुन्याचा जादा थर बसतो. हे सगळं पैशाचं नुकसान आहेच. पण त्या आधी तो जिवाचा त्रास आहे, आणि मला तो तसाच म्हणायचा आहे.

आठवडी बाजारात पाय बांधून सायकलच्या हँडलला उलट्या टांगलेल्या कोंबड्या तुम्ही पाहिल्या असतील. सुरुवातीला फडफडतात, मग गप्प होतात. घेणारा म्हणतो, गरीब आहे कोंबडी. ते गप्प होणं आणि तुमच्या अंगणातलं ते पडून राहणं यांच्या मागे एकच भीती आहे. उलटं टांगल्याचा आणखी एक त्रास आहे. पक्ष्यांना आपल्यासारखा छाती आणि पोट वेगळं करणारा श्वासपटलाचा पडदा नसतो. छातीचं हाड खाली-वर करून ते श्वास घेतात. उलटं किंवा उताणं केलं की आतल्या अवयवांचा भार वायुकोशांवर, म्हणजे श्वासाच्या हवेच्या पिशव्यांवर, येतो. छाती घट्ट आवळली तर कोंबडी चोच मोकळी असूनही गुदमरते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात, प्राण्याला अनावश्यक वेदना होईल अशा रीतीने नेणं हा गुन्हा आहे. कोंबडी नेताना दोन्ही हातांनी पंखांसकट धरा, पाय एका हाताच्या बोटांत आणि अंग काखेजवळ टेकलेलं. पुष्कळ असतील तर संध्याकाळी अंधार पडू लागल्यावर पकडा. कमी उजेडात त्या कमी बिथरतात. आपल्याकडे डालग्याखाली झाकून ठेवायची जुनी पद्धत यासाठीच चांगली.

इजेबद्दल थोडं आणखी. वजनदार ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेली कोंबडी), उन्हाळ्यात धापा टाकणारी कोंबडी, सर्दी-घरघर असलेली, आणि पोटात तयार अंडं असलेली कोंबडी, यांच्या बाबतीत हा खेळ धोक्याचा आहे. ब्रॉयलर उताणा झाला तर त्याला स्वतःहून वळता येत नाही आणि तो तसाच मरू शकतो. अंडं आत फुटलं तर पोटात संसर्ग होऊन कोंबडी दगावते. कुणी कोंबडीला असं केलेलं दिसलंच तर ओरडू नका, हलवून जागं करू नका. मुलांना लांब करा, तिला हळूच पायांवर बसती करा आणि सावलीत सोडा.

प्रदर्शनासाठी मी वेगळं सुचवते. एका पाटीवर किर्चरची दोरी आणि रेघ, दुसरीवर चेर्माकने एकेक गोष्ट कशी काढली ते, तिसरीवर काचेच्या डोळ्यांचा प्रयोग, अशी चित्रं मुलांकडून काढून घ्या. आणि जिवंत कोंबडीच दाखवायची असेल तर तिला काही शिकवून दाखवा. लाल आणि निळी अशा दोन पुठ्ठ्याच्या टिकल्या घ्या, फक्त लालवर चोच मारली की लगेच ज्वारीचे दोन दाणे द्या. सुरुवातीला ती टिकलीच्या दिशेने वळली तरी दाणे द्यायचे, मग जवळ आली की, मग टोचलं की. रोज थोडा वेळ, उपाशी न ठेवता, तिची मर्जी असेल तोवरच. हळूहळू ती निळीकडे दुर्लक्ष करून लालच टोचू लागेल. मग टिकल्यांच्या जागा बदला. अमेरिकेत केलर आणि मॅरियन ब्रेलँड या जोडप्याने याच तत्त्वावर शेकडो कोंबड्या शिकवल्या आणि पुढे प्राणी शिकवण्याच्या विद्येवर त्याचा मोठा प्रभाव पडला. गर्दीत नेण्याऐवजी घरीच मोबाइलवर चित्रण करून प्रदर्शनात तेच लावा, म्हणजे कोंबडीला गोंगाटाचा त्रास नाही.

शेवटी तुमच्या अंड्याचा प्रश्न. गावरान कोंबडी रोज अंडं देत नाही. काही दिवस देते, मग खंड पडतो, त्यामुळे दोन दिवसांच्या खंडात विशेष काही नाही. धास्तीने एखादं अंडं लांबणं मात्र शक्य आहे. पुढचं अंडं भुकटी लागलेलं किंवा वेड्यावाकड्या कवचाचं आलं तर तसं झालं असं समजा, ते खायला चालतं. आधी घराभोवती शोधा. नेहमीच्या जागेजवळ घाबरलेली कोंबडी जागा बदलते आणि गवतात किंवा लाकडांच्या ढिगामागे अंडी घालू लागते. फुगून, पिसं फुलवून एकाच जागी बसत असेल आणि जवळ गेल्यावर कुरकुरत असेल तर ती खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे. पण शेपूट खाली पाडून, मागचा भाग जमिनीला टेकवत चालत असेल, कुंथत असेल, पोट गरम आणि टणक लागत असेल, किंवा दाणा सोडला असेल, तर अंडं आत अडकलं किंवा फुटलं असण्याची शक्यता आहे. तेव्हा घरी तेल लावून काढायचा प्रयत्न करू नका, पोट दाबू नका, त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.